पहिल्या पिकाचा सण : आयर्लंडचा लुनासा

या खेपेच्या अभ्यास-पाठाला आम्ही एक परदेशी सण घेतला आहे. सण आयर्लंडचा, पण त्यातला शेतकरी आपल्याला ओळखीचा वाटेल.

ख्रिस्ती धर्म त्या बेटावर साधारण पाचव्या शतकात पोहोचला. त्याच्या आधीपासून तिथले लोक लूग नावाच्या देवाला भजत. ऑगस्टच्या आरंभी नवे धान्य हाती आले की, लूगच्या नावाने लुनासा भरे. कथा अशी सांगतात की, लूगला वाढवणाऱ्या ताल्तू या मातेने जंगल तोडून शेतीला मैदान मोकळे केले आणि त्या कष्टानेच तिचा जीव गेला. तिच्या स्मरणार्थ लूगने खेळांची जत्रा सुरू केली.

धर्म बदलला, पण सण टिकला. जुलैच्या शेवटच्या रविवारी माणसे डोंगरावर जात, रानफळे वेचत, फिडलच्या सुरावर गात-नाचत. तरुणांची लग्नेही तिथेच जमत. घरी नव्या बटाट्यांचे भरपेट जेवण होई. आयरिश भाषेत ऑगस्ट महिन्याला आजही लुनासाच म्हणतात.

या जेवणाला एक नियम होता. त्या दिवसाआधी बटाटे उकरायचे नाहीत. जो आधी उकरी, तो अडलेला समजावा. आणि त्या दिवशीही ज्याच्या ताटात नवे पीक नसे, त्याला 'वाऱ्याचा शेतकरी' म्हणत.

नियम शहाणपणाचा होता. जमिनीत थोडे जास्त दिवस राहिले की बटाटे पोसतात. पण जुलै हा तिथे 'भुकेचा महिना' होता. जुना साठा संपलेला, नवे पीक कोवळे. ज्याच्या घरी पोरे उपाशी, त्याने वाट कशी पाहावी? मग गावातल्या दुकानदार-सावकाराची उधारी, आणि पीक आले की तिची फेड. पुढे १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली.

याच देशात १८९४ साली हॉरेस प्लंकेट यांच्या पुढाकाराने शेतकी सहकाराची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. गावोगाव लोणी काढणाऱ्या सहकारी संस्था आणि पतसंस्था निघाल्या. सावकाराच्या दारी न जाता हंगामाची वाट पाहण्याची सोय काही घरांना तरी झाली.

आमच्या मते या सणाचा धडा हाच. कोवळा ऊस तोडला तर उतारा घसरतो, हे कुणाला सांगायला नको. तरीही घाईने तोड देणारा सभासद दरवेळी अडाणी नसतो. पुष्कळदा तो अडलेला असतो. त्याला दोष देण्याआधी सोसायटीचे कर्ज त्याला वेळेवर मिळाले का, हे पाहावे. पिकाला पिकू देण्याची ऐपत प्रत्येक घराला आली, म्हणजे गाण्याला आणि जेवणाला खरा अर्थ येतो.