हा घाणा कशाचा?

बीड जिल्ह्यातील धारूरचा किल्ला 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने उभारला. त्या काळी सिमेंट नव्हते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 चे. दगड सांधायचे ते चुन्याने. हा चुना घाण्यात मळत. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर आणि त्यात बैलांनी फिरवायचे जड दगडी चाक, असा हा घाणा लोहगडावर आजही पाहायला मिळतो.

समजा, एखाद्या पडक्या गढीजवळ तुम्हांला असा चर व चाक दिसले. कोणी म्हणेल तेलाचा घाणा, कोणी म्हणेल येथे तोफेची दारू घोटत. तुम्ही कसे ठरवाल?

तेलाचा घाणा लगेच बाद होतो. त्याला उखळासारखा एकच खोल खड्डा असतो व त्यात लाकडी लाट फिरते.

आता थोडे गणित करू. चाकाची रुंदी 30 सेंटिमीटर आणि चराच्या मध्यरेषेची त्रिज्या दीड मीटर धरा. एका फेरीत चाकाची आतली कड सुमारे 8.5 मीटर जाते, तर बाहेरची 10.4 मीटर. चाक मात्र अखंड दगडाचे! दोन्ही कडांचे फेरे सारखेच होणार. म्हणून ते नुसते गडगडत नाही, घसटतही जाते. चुना-वाळू एकजीव होते ती या घसटण्यामुळे. पण युरोपात तोफेची दारूही अशाच चाकांखाली घोटत, तेव्हा केवळ आकारावरून निकाल देता येत नाही.

येथे रसायनशास्त्र मदतीला येते. चुनखडी भाजली की 100 ग्रॅममधून 44 ग्रॅम कार्बन डायॉक्साइड निघून जातो व 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो विरवून वापरला की हवेतील तोच वायू शोषून पुन्हा चुनखडी बनतो. चरातील सुटा पांढरा कण कागदावर घ्या (दगड खरवडू नका!) आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसले तर चुनखडी आहे.

मात्र मराठवाड्याच्या काळ्या मातीतही चुनखडीचे खडे असतात, बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट असते. म्हणून चरापासून दूरची माती व दगडाचा सुटा तुकडाही तपासा. चरातला कणच तेवढा फसफसला तर घाणा चुन्याचा. कोठेच फसफसले नाही तर निकाल राखून ठेवा. दारूतला शोरा पाण्यात विरघळतो, त्याचा माग पावसाने केव्हाच धुऊन नेलेला असणार.