नॉन-अटेंडिंग

चि. चिऊ,


परवा वहिनीचा फोन आला तेव्हा ती पिठाच्या गिरणीत उभी होती. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. जेवढं ऐकलं तेवढ्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बी.ए. झाल्यावर तू बी.एड. करणार, ठीक आहे. पण ते म्हणे नॉन-अटेंडिंग करणार. कुणी एजंट भेटलाय, दोन जिल्ह्यांपलीकडच्या कॉलेजात नाव घालतो म्हणतो, जायचं ते परीक्षेपुरतं, पाठांच्या वह्याही तोच आयत्या देणार. पुढं एखाद्या संस्थेत चिकटवायचं, आणि त्यासाठी दादा ओढ्याकाठचा तुकडा काढायला निघालाय. यातलं खरं किती ते तू मला कळव. खोटं असेल तर फार बरं. खरं असेल तर मात्र पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवू नकोस.

जमिनीचं आधी बोलते. मधल्या काकांच्या घरी काय झालं ते तुला ठाऊक आहे. बैलजोडी गेली, वरचं शेत गेलं, आणि पोरगा एका संस्थेच्या शाळेत मान्यतेची वाट बघत बसला. मान्यता नाही म्हणून पगाराच्या शालार्थ प्रणालीत नाव नाही, नाव नाही म्हणून पगार नाही. काकू अजून त्या संस्थेच्या रस्त्यानं जात नाहीत. तेच आपल्या दारात यायला हवंय का? त्यापेक्षा शिक्षक पात्रतेची टीईटी द्यायची, अभियोग्यता चाचणी द्यायची, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव घालायचं आणि यादीची वाट बघायची. हा रस्ता लांबचा आहे. भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो, तेही मान्य. लागल्यावरही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात, प्राथमिकला महिना 16,000 रुपये. तरी त्यासाठी ओढ्याकाठचा तुकडा विकावा लागत नाही. आबांनी तो कसा सोडवून घेतला होता ते दादाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

पण खरं सांगू, जमिनीपेक्षा मला त्या आयत्या वह्यांचंच जास्त लागलंय.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं ते कशासाठी? त्यात वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. वर्गातल्या तासांना 80 टक्के हजेरी लागते, तर शाळेतल्या कामाला 90 टक्के. नियम करणाऱ्यांनाही कळलं होतं की या कोर्सात टाळता न येणारी गोष्ट कोणती. आणि तुझा एजंट नेमकी तीच टाळून देतो म्हणतोय!

आणखी एक विचारते. लहानपणापासून तू म्हणत आलीस, मला पहिलीची बाई व्हायचंय. बी.एड.वर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही हे त्या माणसानं तुला सांगितलं का? 2023 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. त्या वर्गांना डी.एल.एड. लागतं, आपण अजून डी.एड.च म्हणतो ते. बी.एड. करून सहावीच्या पुढच्या मुलांना शिकवशील, त्यातही आनंद आहे. पण कुठल्या मुलांसमोर उभं राहायचंय हे आधी ठरव, मग कॉलेज शोध. टीईटीचा पेपरही त्याप्रमाणे पहिला की दुसरा ते ठरतं. 150 गुणांत 90 लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. ते तू मिळवशील, त्याची मला काळजी नाही. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान मैत्रिणी आज नातवंडं मांडीवर घेऊन त्या परीक्षेचा अभ्यास करताहेत. 2025 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सेवा पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक झाली. एवढी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बायका आहेत त्या. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. त्यांच्यासमोर तुझी नॉन-अटेंडिंगची गोष्ट काढायची मला लाज वाटते.

त्या आयत्या वह्यांचं का लागलंय ते सांगते. डी.एड.ला असताना माझ्या छात्रसेवाकालात दुसरीच्या वर्गावर वजाबाकीचा पाठ होता. फळ्यावर 42 वजा 17 लिहिलं. मागच्या बाकावर आमच्या बाई निरीक्षण वही घेऊन बसलेल्या. एका मुलानं पाटीवर 35 लिहून आणलं. मी चूक म्हणून फुली मारणार, तेवढ्यात बाई मागून म्हणाल्या, त्याला विचार कसं केलंस. तो म्हणाला, “दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन काढले.” दोनातून सात जात नाहीत हे मीच दहा मिनिटांपूर्वी शिकवलं होतं. पोरानं माझंच ऐकलं होतं. मग काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढं ठेवल्या. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग एका गठ्ठ्याचा दोरा त्यानं आपणहून सोडला, बारा काड्या मोजल्या, सात बाजूला केल्या, शेवटी एक गठ्ठा उचलून दिला आणि म्हणाला, पंचवीस. त्या दिवशी मला कळलं की मुलाचं उत्तर चुकलं तर आधी त्याचा विचार ऐकायचा. आयत्या वहीत हा पाठ “उद्दिष्ट साध्य झाले” एवढ्याच ओळीत उरकला असता. तू ती वही सहीला देशील आणि पुढं पंचवीस वर्षं मुलांच्या पाट्यांवर फुल्या मारत राहशील. मला याची भीती वाटते, चिऊ. तुला नोकरी लागणार नाही याची नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली मुलं गुरं वळायला जायची, शाळेत यायचीच नाहीत. तेव्हा मुलं जिथं होती त्या कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा म्हणून. अनुताई बालविधवा, स्वतःचं शिक्षणही केवढ्या कष्टानं पुरं केलेलं. अशा बायकांनी आपल्याकडं मुलांना शिकवायचं हे काम उभं केलं. नाव पटावर आणि आपण घरी, असं त्यातल्या कुणाला सुचलं असतं का?

फार बोलले. तुझ्यावर रागावून हे लिहीत नाहीये. जागा कमी, पोरं लाखांनी, आईवडिलांचे केस पिकत चाललेले, अशा वेळी कुणी जवळचा रस्ता दाखवला तर माणूस वळतो. मलाही बारावी होताच डी.एड.ला घातलं ते लवकर पगार सुरू व्हावा म्हणून. मला गणित घेऊन कॉलेज करायचं होतं. आबांचा नाइलाज होता, मी त्यांना दोष देत नाही. पण गावातल्या मुली सायकलवरून कॉलेजला निघाल्या की मी आतल्या खोलीत जायची. पुढं बाहेरून बी.ए. झाले, पण लायब्ररीत बसून वाचणं, न पटलेलं सरांना तोंडावर विचारणं, ते राहिलंच. तुझ्यापाशी कॉलेजचं अजून दीड वर्ष आहे. ते माझ्या वाटचंही वापर.

काय करशील सांगू का? तुमच्या होस्टेलमागं वस्ती आहे, तिथं जिल्हा परिषदेची शाळा असेल. कॉलेजची परवानगी घेऊन मुख्याध्यापकांना भेट. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा एका कोपऱ्यात बसू द्या म्हणावं. लगेच शिकवायला उभी राहू नकोस. वाचता न येणारं एखादंच मूल धर आणि ते कुठं अडतं ते बघ. अपूर्णांक तुझे स्वतःचे कच्चे आहेत, मला माहीत आहे, ते आत्ताच पक्के कर. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ माझ्या कपाटात आहे, दिवाळीला घेऊन जा. फळ्यावर सरळ रेषेत लिहायचा सराव तर रिकाम्या वर्गातही होतो.

तू चार वर्षांची असताना माझ्या शाळेत येऊन बसायचीस. पहिलीतल्या मुलांना हाताला धरून पाण्याच्या टाकीपाशी न्यायचीस, तुझ्याहून मोठ्या मुलांना! कुणी पडलं तर त्याच्याआधी तूच रडायचीस. तू शिक्षिका होणार हे मला तेव्हापासून माहीत आहे, म्हणून तर इतकं बोलले.

रविवारी मी दादाशी बोलते. तू त्याच्याशी भांडू नकोस, तो तुझ्यासाठीच करतोय. जिथं रोज जावं लागेल असं कॉलेज बघ. डी.एल.एड. असो की बी.एड., दोन वर्षांची फी आणि होस्टेलचा खर्च माझ्या पेन्शनमधून. वहिनीला हे एवढ्यात सांगू नकोस, ती नाही म्हणेल. आणि त्या एजंटाला काही आगाऊ दिलं असेल तर तेही मला मोकळेपणानं सांग. मी ओरडणार नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय, मैत्रिणींनाही दे.

तुझी
आत्या