लेझरपासून कॅमेरा सांभाळा, हात सरावात बसवा

विसर्जन मिरवणुकीचे फोटो काढायला येणाऱ्या हौशी मंडळींना माझं पहिलं सांगणं: गाड्यांवर लेझर सुरू झाले की कॅमेरा बंद करून पिशवीत टाका. मी पुण्यात नारायण पेठेत राहतो. विजय टॉकीज चौकात रात्री फोटो काढताना एक हिरवा झोत क्षणभर माझ्या लेन्सवरून गेला आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोत तीच बारीक उभी रेघ येऊ लागली. लेन्स झोत सेन्सरवर एकवटते आणि तिथले पिक्सेल कायमचे जळतात. मग सेन्सरच बदलावा लागतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो कॅमेरा बाजूला ठेवला. मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर चालू असताना सतत उघडा राहतो, त्यामुळे धोका वाढतो. मोबाइलही यातून सुटत नाही. आणि कॅमेरा नवा घेता येतो, डोळे नाही. झोत समोर आला की मान वळवा.

आता मी दिवसाउजेडीच फोटो काढतो. मानाच्या गणपतींची मिरवणूक सकाळी मंडईतून निघते आणि लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेला, अलका चौकाकडे सरकते. दुपार कलली की ऊन वादकांच्या चेहऱ्यावर समोरून येतं. मिरवणुकीच्या पुढे, बाजूला जागा धरा. वादकांभोवतीच्या दोरीच्या आत घुसू नका.

पण हात बसतो तो सरावात. गणपतीच्या आधीचे काही आठवडे भिडे पुलाजवळ नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालतो. पथकप्रमुखांना विचारून जा, कानात बोळे घाला आणि एकच वादक निवडा. टिपरू ढोलाच्या पानावर आदळतं तेव्हा हाताचा वेग सर्वांत जास्त असतो. डोक्याच्या वर मात्र हात वळण्याआधी क्षणभर थबकतो. त्या क्षणी १/२५० सेकंदालाही टिपरू स्पष्ट येतं. आदळतानाचं हवं असेल तर १/१००० च्या आसपास जा. हाताची गती दाखवायची असेल तर १/३० ला उतरा आणि कोपरं छातीशी घट्ट धरा. ठेका कानात भरला की बोट आपोआप वेळेवर पडायला लागतं. गर्दीत हे शिकता येत नाही, तिथे धक्केच खावे लागतात.

पांढऱ्या कुर्त्यांनी चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. गुलालाचं उलटं आहे: लाल रंगातला तपशील लवकर जातो, म्हणून थोडं कमी ठेवा आणि रॉमध्ये काढा. रस्त्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गुलाल आधी ब्लोअरने उडवा. ओल्या फडक्याने पुसलात तर तो फटींत जाऊन बसतो.

शेवटी, काढलेले फोटो पथकातल्या मुलामुलींना जरूर द्या. 'इथे माझा हात ठेक्यात नाही, याच्या पुढचा फोटो दाखवा,' असं एका वादक मुलीने मला सांगितलं, तेव्हा कुठला क्षण निवडायचा हे मला नीट कळलं. वाजवणाऱ्याइतकी नेमकी पारख दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाही. म्हणून यंदा नवी लेन्स घेण्याआधी नदीपात्रातला सराव गाठा.