हात मांडीखाली

नवरात्रात टेंभी नाक्यावर राहणारा माणूस संध्याकाळी बाहेर पडायच्या फंदात पडत नाही. आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाला अख्खं ठाणं लोटतं, रस्ते बंद होतात. घरी बुद्धिबळाचा पट मांडून बसायला नऊ संध्याकाळी आयत्या मिळतात.

पहिल्या संध्याकाळी खेळू नका. फोनवर हरलेले शेवटचे १० डाव उघडा आणि प्रत्येकात एवढंच शोधा: कोणत्या चालीला मोहरा फुकट गेला? प्यादं १, घोडा आणि उंट ३-३, हत्ती ५, वजीर ९, या भावाने किती दानधर्म केलात याची वहीत बेरीज मांडा. ओपनिंगची पुस्तकं आणायचा मोह आवरा. दुखणं तिथे नाही.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्याने चाल केली की हात मांडीखाली घ्यायचा. आता तो माझं काय मारू शकतो? ही चाल त्याने कशासाठी केली? मी ठरवलेला मोहरा हलला तर मागे कोण उघडं पडतं? उत्तरं मिळाली की हात बाहेर. माझा भाचा हे प्रश्न मोठ्याने विचारायचा, म्हणजे समोरच्याची आयती सोय.

आता चार चालींतली मात, जी प्रत्येक नवशिक्याने एकदा तरी खाल्लेली असते. पट मांडूनच बघा. पांढऱ्याचं प्यादं इ४, तुमचं इ५. त्याचा उंट सी४, तुमचा घोडा सी६. त्याचा वजीर थेट एच५. वजिरावर हल्ला करायच्या आनंदात तुम्ही दुसरा घोडा एफ६ वर काढता, आणि तो एफ७ चं प्यादं मारून मात देतो. त्या घराला एकट्या राजाचाच आधार होता. घोड्याऐवजी जी७ चं प्यादं जी६ वर टाका, वजीर मागे हटतो. तो एफ३ वर जाऊन पुन्हा तिथेच टपला, तर आता घोडा एफ६. पाच-सहा वेळा करा, बोटांना कळलं पाहिजे.

सुरुवातीचं बाकी थोडक्यात: मधलं प्यादं, घोडे, उंट, दहाव्या चालीच्या आत कॅसलिंग. आजोबांकडे शिकलेल्यांची एक गोची असते. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, म्हणून हात तेवढाच ढकलतो. तो सैल सोडा.

तीन मिनिटांचे डाव महिनाभर बंद. १५ मिनिटांचे खेळा. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीशी अंतिम फेरीतले दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला जलद डावांत. घाईत तिथेही चुका होतात, मग आपली काय कथा.

शेवटच्या संध्याकाळी जिंकलेला डाव घालवायचा नाही, हे शिका. समोर एकटा राजा, तुमच्याकडे राजा आणि वजीर. काळा राजा ए८ वर ठेवा, वजीर बी६ वर. शह नाही, पण त्याला जायला घरही नाही: स्टेलमेट, डाव बरोबरीत. कोपऱ्यातल्या राजापासून वजीर घोड्याच्या अडीच घरांवर नेऊन ठेवलात की हमखास हेच होतं. म्हणून वजीर उचलण्याआधी त्याच्या राजाला उरलेली घरं बोटाने मोजा. एकही उरत नसेल आणि शहही बसत नसेल, तर दुसरी चाल शोधा.