कपाटाचे नवे काम

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची जुनी पेठ. कापसासाठी १८७० साली येथे लोहमार्ग आला. व्यापार वाढला, तशा कचेऱ्याही वाढल्या. पुढे १९२३ साली मुंबईच्या गोदरेज कारखान्यात पोलादी कपाटे होऊ लागली. अशा कचेऱ्यांतील फायलींचे कपाट जुने झाले, तरी निकामी होत नाही. कारागिराच्या हाती ते हत्यारांचे घर बनते.

प्रथम गंज घासून काढावा व अस्तराचा रंग द्यावा. नाही तर पावसाळ्यातील दमट हवेने लोखंड पुन्हा गंजते.

खरी कसोटी पुढेच आहे. हत्यारे कागदांहून फार जड असतात. भार वरच्या खणांत असला आणि दोन खण एकदम ओढले, तर कपाट पुढे कलंडून माणसाच्या अंगावर कोसळते. म्हणून हातोडे, पकडी तळच्या खणात आणि कानशी, पटाश्या वर ठेवाव्यात. कपाट भिंतीशी पक्के जखडावे व एका वेळी एकच खण उघडावा. खणात प्रत्येक हत्याराची आकृती रेखाटावी. हत्यार हरवले, की रिकामी आकृतीच ते सांगते.

जुन्या वस्तूला नवे काम देताना तिचे बळ व तिचा दोष, दोन्ही ओळखावे लागतात.

स्वाध्याय : दोन खण एकदम का उघडू नयेत?