दक्षिण काशी किती जुनी?

बालमित्रांनो, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शहादे तालुक्यात प्रकाशा नावाचे गाव आहे. तेथे तापी आणि गोमाई या नद्यांचा संगम आहे. संगमावर महादेवाची जुनी देवळे आहेत. केदारेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही त्यांतली प्रसिद्ध. लोक प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेला माणूस प्रकाशाला गेला नाही तर त्याची यात्रा पुरी होत नाही, असे जुनी माणसे सांगतात.

मागल्या वर्षी माझे आजोबा वारले. त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही प्रकाशाला गेलो. चिंचपाड्याहून आगगाडीने नंदुरबार आणि पुढे एस.टी.ने. तापीचा पूल ओलांडला की गाव येते. अस्थी तापीत सोडल्यावर मी आजीला विचारले, "आजी, हे गाव किती जुनं आहे?" आजी म्हणाली, "देव आहे तेव्हापासून आहे." काका म्हणाले, "हजार वर्षं तरी झाली असतील." घाटावर एक म्हातारे बाबा बसले होते. ते म्हणाले, "पांडवांच्या वेळचं आहे, बाळा." तिघांनी तीन उत्तरे दिली. आमचे आजोबा आता त्या पाण्यात होते, म्हणून मला खरे उत्तर पाहिजे होते.

परत येताना नदीकाठच्या उतारावर मला एक खापरी सापडली. ती लाल होती आणि तिच्यावर काळी रेघ होती. मी ती खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींना दाखवली आणि विचारले, "गुरुजी, ही किती जुनी?" गुरुजींनी उलटून पालटून पाहिली. मग तेच मला विचारू लागले, "कुठल्या थरात होती?" मी म्हणालो, "वरच पडलेली होती." गुरुजी म्हणाले, "मग ही मुकी झाली. आता नक्की काही सांगणार नाही."

मला वाईट वाटले. पण त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून पूर्ण तास प्रकाशावर धडा घेतला. तोच मी येथे लिहीत आहे.

पांढरी म्हणजे काय?

शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पूर्वी घरे मातीची असत. घर पडले की लोक ती माती सपाट करून तिच्यावरच नवे घर बांधत. चुलीची राख, फुटकी मडकी, हाडे तिथेच पडत. असे शेकडो वर्षे झाले की जमीन वर वर येते आणि टेकाड तयार होते. प्रकाशाला असे मोठे टेकाड आहे. आपल्या भित्तिपत्रकाच्या फळ्यावर आपण जुन्या कागदावर नवा कागद डकवतो ना, तसेच हे आहे. सगळ्यात खालचा कागद सगळ्यात जुना. पांढरीतही खालचा थर जुना आणि वरचा थर नवा.

प्रकाशाचे उत्खनन

सन १९५५ मध्ये भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याने प्रकाशाची पांढरी खणली. या कामाचे प्रमुख श्री. बा. कृ. थापर हे होते. पुढे ते या खात्याचे महासंचालक झाले. त्या वेळी नंदुरबार जिल्हा नव्हता. आपला भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.) उत्खननाचा मोठा अहवाल 'एन्शंट इंडिया' या खात्याच्या नियतकालिकाच्या २० व २१ या जोडअंकात आहे.

उत्खनन म्हणजे विहीर खणणे नव्हे. चौकोनी खड्डे आखतात. एकेक थर हळूहळू काढतात. जे सापडेल त्याच्यावर थराचा नंबर लिहून ठेवतात. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत थर पट्ट्यांसारखे दिसतात.

प्रकाशाला चार काळांची वस्ती सापडली.

१) सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळ, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरायचा काळ. तो इ.स.पूर्व सुमारे १७०० ते १३०० असा धरतात. या थरांत गारेसारख्या दगडाची लहान लहान पाती सापडली. लोखंड नाही. लाल मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी आहे.

२) त्यानंतर बराच काळ तेथे कोणी राहत नव्हते. मग इ.स.पूर्व सुमारे ६०० च्या पुढे पुन्हा वस्ती झाली. आता लोखंड आले.

३) तिसरा काळ इसवी सनाच्या अगोदर सुमारे १०० वर्षांपासून पुढचा.

४) चौथा काळ इ.स. सुमारे ६०० ते ११००.

आता गणित करा. इ.स.पूर्व १७०० म्हणजे इसवी सन सुरू होण्याच्या १७०० वर्षे आधी. त्यात नंतरची २००० वर्षे मिळवा. बेरीज ३७०० होते. म्हणजे काकांच्या हजार वर्षांपेक्षा प्रकाशाची वस्ती पुष्कळच जुनी निघाली!

खापऱ्या काय सांगतात?

सोने सापडले तर सगळे धावतात, पण संशोधकाला खापरीची किंमत जास्त. मडके फुटते पण खापरी कुजत नाही. आणि प्रत्येक काळाची, प्रत्येक मुलखाची मडकी वेगळी असतात.

प्रकाशाच्या सर्वांत जुन्या काळात माळवा पद्धतीची मडकी सापडली. तशीच मडकी नर्मदाकाठी महेश्वर आणि नावडातोली येथे सापडतात. नावडातोलीचा कोळसा प्रयोगशाळेत तपासून त्याचे वय काढले आहे. त्याच काळात पुढे जोर्वे पद्धतीची मडकीही आली. जोर्वे हे प्रवरा नदीकाठचे गाव अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहे. तेथे १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले होते. म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची, दोन्हीकडची मडकी तापीकाठी भेटली. एस.टी. आणि आगगाडी नसतानाही माणसे इतकी लांब ये-जा करीत होती.

लोखंडाच्या काळात आणखी एक मडके आले. ते काळे आणि आरशासारखे चकचकीत असते. ही भांडी गंगेच्या खोऱ्यात जास्त सापडतात. काशीला राजघाट नावाची पांढरी आहे. सन १९४० मध्ये काशी रेल्वे स्टेशनच्या कामासाठी माती खणताना तिच्यातून जुन्या वस्तू निघाल्या आणि मग तेथे शास्त्रीय उत्खनन झाले. त्या राजघाटलाही हीच काळी चकचकीत भांडी मिळाली. मला याची फार गंमत वाटली. काशी आणि दक्षिण काशी या दोघींच्या पोटात एका जातीची खापरी आहे.

पण गुरुजींनी सांगितले, "खापरीवरून माणसे केव्हा राहत होती ते कळते. देव केव्हा आला ते खापरी सांगत नाही. ते श्रद्धेचे काम आहे. दोन्हींची गल्लत करू नका."

घरी जाऊन मी आजीला ३७०० वर्षांचे सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिथं एवढी माणसं राहून गेली. बरं झालं, तुझे आजोबा एकटे नाहीत."

माझी खापरी आता शाळेच्या कपाटात आहे. तिच्यावर मी चिठ्ठी लावली आहे : 'प्रकाशा. नदीकाठचा उतार. वर पडलेली. थर माहीत नाही.' ही शेवटची दोन अक्षरे लिहिताना मला लाज वाटली, पण खरे तेच लिहावे असे गुरुजी म्हणाले.

मित्रांनो, खानदेशात धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात टाकायला पांढरीची माती नेतात. गाडीभर माती गेली की थर गेले. ते पुन्हा लावता येत नाहीत. पुस्तकाचे पान फाटले तर दुसरे पुस्तक मिळते, पण या पुस्तकाची एकच प्रत आहे. म्हणून कोठेही जुन्या टेकाडावर गेलात तर जरूर बघा, पण उकरू नका. खापरी दिसली तर जागच्या जागी राहू द्या आणि जागा नीट लक्षात ठेवून गुरुजींना सांगा. माझ्यासारखी खिशात टाकू नका.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी, चिंचपाडा