काळ्या रबरातलं सोनं

नेहा: मावशी, या पुस्तकातलं हे रबरी कडं दागिना कसं काय?

मावशी: स्विस कलाकार ऑटो क्युन्त्सली याचं आहे ते, १९८० सालचं. नाव ‘सोनं आंधळं करतं’. एका जागी फुगवटा दिसतोय ना? आत सोन्याची गोळी आहे.

नेहा: कशावरून?

मावशी: खात्री करायची तर रबर कापायला हवं, आणि कापलं की कलाकृती संपली. घालणाऱ्याने विश्वासच ठेवायचा.

नेहा: सोन्यावर इतका राग?

मावशी: सोनं चमकलं की त्यामागचं काही दिसेनासं होतं, त्याचा राग. आता हे मी माझं जोडतेय हं, पण छोट्या खाणींत दगडाच्या भुकटीत पारा कालवतात. तो सोन्याला धरतो. मग गोळा तापवला की पारा हवेत उडतो, सोनं उरतं. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत हाच. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तो माशांतून लोकांच्या पोटात जातो.

नेहा: मग जुनं सोनं वापरावं.

मावशी: क्युन्त्सलीने तेही केलं. १९८५-८६मध्ये लोकांनी वापरलेल्या लग्नाच्या ४८ अंगठ्या एकीत एक अडकवून साखळी केली. आपण मोड देतो, सोनार वितळवतो, दागिना कुणाचा होता ते पुसलं जातं. त्याने वितळवलंच नाही. इतक्या संसारांचं ओझं माझ्याच्याने गळ्यात घालवणार नाही.

नेहा: आणि या पारदर्शक अंगठीत काळं काय आहे?

मावशी: शहराचं धुरकं. डच कलाकार डान रोसेगार्डने २०१५मध्ये रॉटरडॅमला सात मीटर उंचीचा, हवा गाळणारा मनोरा उभारला. पुढच्या वर्षी तो बीजिंगला गेला. गाळलेली धूळ दाबून अंगठीत बसवली. एका अंगठीमागे १००० घनमीटर हवा.

नेहा: त्याने बीजिंगची हवा सुधारली?

मावशी: छे! एका मनोऱ्याने शहर शुद्ध होत नाही. त्यासाठी कोळसा आणि गाड्यांचा धूरच कमी व्हायला हवा. पण रोज छातीत जाणारी घाण बोटावर दिसली की ती नाकारता येत नाही. शिवाय दागिना अंगावर असतो. लोकलमध्ये शेजारची बाई विचारणारच, ‘कुठून घेतलीत?’ की मग सगळं सांगणं आलं.

नेहा: मुंबईच्या धुळीची करावी का कुणी?

मावशी: जरूर करावी. आणि धूळ कुठल्या रस्त्यावरची, तेही आतून कोरावं.